उत्तर 'ओके', नोंदी शून्य

कॉमिक व्हाइन हा जगभरच्या कॉमिक्सची माहिती साठवणारा एक मोठा डेटाबेस आहे. संगणकाच्या प्रोग्रॅममधून त्याला एखादे नाव विचारले आणि त्या नावाची नोंदच तिथे नसली, तर परत येणारे उत्तर नीट वाचण्यासारखे असते. चूक दाखवण्याच्या रकान्यात 'ओके' असते. स्थितीचा आकडा १ असतो, म्हणजे सारे सुरळीत. सापडलेल्या नोंदींची एकूण संख्या शून्य असते आणि शेवटी निकालांच्या यादीच्या जागी नुसता रिकामा चौकटी कंस असतो. प्रश्न पोचला, परवानगी बरोबर निघाली, शोधही झाला. द्यायला काही नव्हते, एवढेच. यंत्राच्या बाजूने यात कसलाही बिघाड नाही. पण मराठी चित्रकारांनी काढलेल्या आणि मराठी घरांत पिढ्यांनी वाचलेल्या एखाद्या कॉमिक्सबद्दल असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ बहुधा एकच असतो: ती नोंद करायला कुणी बसलेच नाही. जावास्क्रिप्टची क्लायंट लायब्ररी वापरून अशा डेटाबेसपर्यंत पोचणे आज फार सोपे झाले आहे. शेगावसारख्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ते कसब जरूर शिकावे. मात्र आपल्यासाठी त्या कसबाचे मोठे मोल तिथे काय नाही हे नेमके शोधण्यात आणि ते भरून काढण्यात आहे, असे माझे मत आहे आणि ते इथे सविस्तर मांडायचे आहे.

आधी हे साधन काय आहे ते पाहू. डेटाबेसच्या मालकाला आपले कोठार सर्वांना आतून हिंडायला मोकळे करता येत नाही. म्हणून तो बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रश्न विचारण्यासाठी एक ठरावीक वाट ठेवतो. तिला एपीआय म्हणतात. शेगाव रेल्वे स्थानकावरची आरक्षणाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे, प्रवाशाचे वय हे सारे ठरलेल्या फॉर्मवर ठरलेल्या रकान्यांतच लिहावे लागते. नीट भरला नाही तर फॉर्म परत येतो. एपीआय म्हणजे ती खिडकी आणि तिचा फॉर्म. क्लायंट लायब्ररी म्हणजे तो फॉर्म बिनचूक भरून देणारा, रांगेत उभा राहणारा आणि मिळालेले तिकीट आपल्या हाती ठेवणारा जाणकार माणूस. जावास्क्रिप्टमध्ये असे तयार कोड पॅकेजच्या रूपात मोफत मिळते. ही भाषा १९९५ साली ब्राउझरसाठी तयार झाली, २००९ साली आलेल्या नोड या प्रणालीमुळे ती सर्व्हरवरही चालू लागली आणि आज कुठल्याही महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर तिच्यात काम करता येते.

लायब्ररी नेमके काय हलके करते, हे जवळून पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. कॉमिक व्हाइनला प्रश्न विचारायचा तर नाव नोंदवून एक गुप्त किल्ली घ्यावी लागते, तिला एपीआय की म्हणतात. ती चुकली तर स्थितीचा आकडा १०० येतो. मागितलेली वस्तू सापडली नाही तर १०१ आणि विनंत्यांची मर्यादा ओलांडली तर १०७. ही मर्यादा तासाला प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी २०० विनंत्यांची आहे. एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. पुढच्या हव्या असल्या तर कुठून पुढे द्यायचे ते दर वेळी सांगावे लागते. चांगली लायब्ररी ही पाने आपोआप उलटत जाते आणि आपल्या हाती सलग यादी ठेवते. प्रश्न देवनागरीत असेल तर आणखी एक काम वाढते. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी जात नाहीत, त्यांचे चिन्हांत रूपांतर करावे लागते. 'वेताळ' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे पंधरा बाइट होतात आणि प्रत्येक बाइटमागे टक्क्याची खूण व दोन अक्षरे धरली की पत्त्यात पंचेचाळीस अक्षरांची माळ तयार होते. हे हाताने लिहायला गेले तर चूक ठरलेली. लायब्ररी ते क्षणात करते. मात्र एक जबाबदारी ती आपल्या वतीने घेत नाही: गुप्त किल्ली ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये ठेवायची नसते, कारण तो कोड कुणीही उघडून वाचू शकतो. ती सर्व्हरवरच ठेवावी लागते.

आता कोठाराकडे वळू. कॉमिक्सच्या नोंदी म्हणजे शीर्षकांची यादी, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. कॉमिक व्हाइनखेरीज ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हा आणखी एक उपक्रम आहे; तो स्वयंसेवकांनी १९९४ साली सुरू केला. तिथल्या नोंदीची रचना पाहिली तर या कामाची खोली कळते. आधी प्रकाशक, मग मालिका, मालिकेत अंक आणि अंकाच्या पोटात एकेक कथा. प्रत्येक कथेपुढे लेखन कुणाचे, पेन्सिलीचे रेखाटन कुणाचे, शाईकाम कुणाचे, रंग कुणी भरले आणि फुग्यांतली अक्षरे कुणी लिहिली, असे वेगवेगळे रकाने असतात. कुणीही नाव नोंदवून माहिती सुचवू शकतो, पण ती संपादकाने तपासल्याशिवाय पक्की होत नाही. सगळी माहिती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे आणि नोंदणी केलेल्या माणसाला पूर्ण डेटाबेस उतरवूनही घेता येतो. हे सारे पगारी नोकरांनी केलेले नाही. कपाटातले अंक एकेक करून बाहेर काढून, पान उलटून, नावे वाचून वाचकांनीच ते उभे केले आहे.

अशा रचनेचा मराठी माणसाला काय उपयोग, याचे उत्तर चित्रकारांच्या नावांत आहे. अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईतून निघालेल्या 'अमर चित्र कथा'मधला 'कृष्ण' राम वाईरकर यांनी काढला. पुढे 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकातला सुपंडीही प्रथम त्यांच्याच हातून उतरला. त्याच 'टिंकल'मधला शिकारी शंभू वसंत हळबे यांचा आणि कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. 'अमर चित्र कथा'ची महाभारत मालिका दिलीप कदम यांच्या कुंचल्यातून आली. पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी 'अमर चित्र कथा'साठी कितीतरी अंक रंगवले आणि दिल्लीच्या राज कॉमिक्सच्या 'नागराज'चे सुरुवातीचे अंकही त्यांचेच. मुंबईची पौराणिक-ऐतिहासिक चित्रकथा आणि दिल्लीचा हिंदी महानायक, या दोन दूरच्या वाटणाऱ्या जगांत एकच मराठी हात काम करत होता, हे एकेक अंक वेगळा वाचून ध्यानात येत नाही. प्रकाशक वेगळे, भाषा वेगळ्या, वाचकही वेगळे. पण डेटाबेसमध्ये चित्रकाराच्या नावाची एक नोंद असली आणि प्रत्येक अंक तिला जोडलेला असला, तर मुळीक यांचे सारे काम एका प्रश्नात, प्रकाशनाच्या क्रमाने समोर येते. लायब्ररीने हा प्रश्न विचारायला कोडच्या चारदोन ओळी पुरतात. उत्तर पुरे यायचे असेल तर मात्र कुणीतरी आधी अंकाअंकावर त्यांचे नाव वाचून ते भरलेले असावे लागते.

हे भरणे वरवर दिसते तेवढे सरळ नाही आणि म्हणूनच त्याला जाणकार माणसे लागतात. 'अमर चित्र कथा'मधला 'कृष्ण' हा क्रमांक ११ चा अंक. त्याआधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. भारतीय कथांची मालिका अकरापासून का सुरू होते, हे ठाऊक नसलेला माणूस आधीचे दहा अंक हरवले असे समजेल. पुढच्या काळातल्या नव्या छपाईत याच 'कृष्ण'वर ५०१ हा क्रमांक आला. ११ आणि ५०१ या दोन वेगळ्या कथा धरल्या तर चूक आणि एकच अंक धरला तरी चूक, कारण छपाया दोन आहेत. इंद्रजाल कॉमिक्सची अडचण निराळी. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. ली फॉक यांचा फँटम तिच्यात मराठी वाचकांसमोर वेताळ म्हणून आला आणि मूळ कथांतल्या बेंगाला या देशाचे नाव भारतीय आवृत्तीत डेंकाली असे बदलले गेले. एकाच कथेच्या अमेरिकी दैनिकातल्या पट्ट्या, इंग्रजी इंद्रजाल आणि मराठी इंद्रजाल या तिन्ही नोंदी एकमेकींना जोडल्या नाहीत तर कुठल्या अंकात कुठली मूळ कथा आहे याचा पत्ता लागत नाही. मराठीच्या स्वतःच्या दैनिक मालिका आणखी वेगळ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला. त्याला अंकक्रमांक नाही, तारीख हीच त्याची ओळख. अमेरिकी मासिकांच्या मापाने बेतलेल्या रकान्यांत हे सगळे कसे बसवायचे, हे मराठी वाचकच ठरवू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे काम ग्रंथालयांचे आहे. पुस्तके ग्रंथालयांना देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. मुंबईतले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. कायदा चांगला आहे आणि तो आहे म्हणून बरेच काही वाचले. पण ग्रंथालयाची सूची सहसा शीर्षक, प्रकाशक आणि साल इथे थांबते. अंकात तीन कथा असल्या तर तीन वेगळ्या नोंदी, प्रत्येकीचा वेगळा चित्रकार, ही पातळी तिच्या कामाच्या चौकटीत येत नाही. शिवाय मासिकासारखे निघणारे कॉमिक्स एका गठ्ठ्यात एक नाव म्हणूनच नोंदले जाते. तीर्थक्षेत्री देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या संतचरित्रांच्या सचित्र पुस्तिका तर सूचीपर्यंत पोचतीलच असे नाही. त्यांच्यावर अनेकदा साल नसते आणि चित्रकाराचे नावही नसते. ग्रंथालय आणि कॉमिक्सचा डेटाबेस यांत स्पर्धा नाही. पहिले प्रत जपते, दुसरा त्या प्रतीच्या पोटात काय आहे ते सांगतो.

दुसरा आक्षेप जुना आहे: मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाजी, तानाजी, ज्ञानेश्वर, तुकाराम, बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर 'अमर चित्र कथा'चे अंक निघाले. भारतातल्या अनेक भाषांच्या मुलांनी महाराष्ट्राचा इतिहास प्रथम या चित्रांतून पाहिला. त्या चित्रांत किल्ला कसा दाखवला, पोशाख कसा, कुणाला चौकटीच्या मध्यभागी ठेवले आणि कुणाला कडेला, याचा परिणाम मोठेपणीच्या समजुतींवर होतो. ज्याला याचा अभ्यास करायचा आहे, या चित्रांवर टीका करायची आहे किंवा त्यांची बाजू घ्यायची आहे, त्या प्रत्येकाला आधी कुठला अंक कधी निघाला, कुणी लिहिला आणि कुणी काढला हे पक्के हवे. ते नसेल तर वाद आठवणींवर चालतो. शिवाय ज्यांनी आयुष्यभर ठरलेल्या मुदतीत बत्तीस बत्तीस पाने काढली त्या चित्रकारांचे श्रेय त्यांच्या नावावर जमा करणे हे आपले कर्तव्य आहे. ते वाचकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येईल आणि त्यात तथ्य आहे. तयार लायब्ररी वापरली की विद्यार्थ्याला आतले काही कळत नाही. एक ओळ लिहिली, माहिती आली, प्रोजेक्ट संपला. म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिली विनंती लायब्ररीशिवाय, हाताने करावी: पत्ता स्वतः तयार करावा, उत्तरातले आकडे वाचावेत, मुद्दाम चुकीची किल्ली देऊन १०० पाहावा, नसलेली वस्तू मागून १०१ पाहावा. त्यानंतर लायब्ररी आणावी, म्हणजे ती कोणकोणती कामे उचलते ते समजते. रिकामी यादी आणि अडलेली विनंती यांतला फरकही तेव्हाच कळतो. मर्यादा ओलांडल्यामुळे काही मिळाले नाही आणि नोंदच नाही म्हणून काही मिळाले नाही, हे दोन निष्कर्ष सर्वस्वी वेगळे आहेत. पहिल्याला दुसरा समजणारा विद्यार्थी, असलेली माहिती नाही असे जाहीर करून बसेल. ज्याला 'काय नाही' हे शोधायचे आहे त्याला तर हा फरक पक्का ठाऊक हवा.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे डेटाबेस परक्यांचे. ते उद्या बंद पडले किंवा विकले गेले तर आपली मेहनत कुठे जाणार? भीती निराधार नाही. कॉमिक व्हाइन हा डेटाबेस व्हिस्की मीडियाकडून २०१२ मध्ये सीबीएस इंटरॅक्टिव्हकडे, २०२० मध्ये रेड व्हेंचर्सकडे आणि २०२२ मध्ये फँडमकडे गेला. मार्व्हलने २०१४ साली आपला एपीआय खुला केला, पण त्यात माहिती एकाच कंपनीची आणि अटीही तिच्याच. यावरून नोंदी करूच नयेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. नोंदी कुठे कराव्यात हे त्यातून कळते. वाचण्यासाठी कुठलाही डेटाबेस चालेल. लिहिण्यासाठी मात्र ज्याचा परवाना खुला आहे आणि ज्याची पूर्ण प्रत उतरवून घेता येते तोच निवडावा. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या कसोटीला उतरतो. २०१२ पासून चालू असलेला विकिडेटा हा खुला माहितीसाठाही उतरतो. तिथली माहिती कुणालाही कुठल्याही अटीविना वापरता येते, प्रत्येक नोंदीला मराठी नाव जोडता येते आणि त्याच्यासाठी जावास्क्रिप्टची लायब्ररीही उपलब्ध आहे. आपला वेगळा मराठी डेटाबेस काढायला हरकत नाही. पण त्यातल्या प्रत्येक नोंदीसोबत या दोन्हींतले ओळखक्रमांक ठेवले तरच तो एकटा पडणार नाही. कायद्याचा प्रश्नही इथेच सुटतो: शीर्षक, क्रमांक, तारीख, नावे ही तथ्ये आहेत आणि १९५७ चा प्रताधिकार कायदा त्यांची नोंद करण्यापासून कुणाला रोखत नाही. चित्रांची पाने मात्र प्रताधिकाराच्या कक्षेत येतात. ती स्कॅन करून वाटू नयेत.

अलीकडे आणखी एक शंका ऐकू येते: हे सगळे आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की झाले. पण ही यंत्रणा शिकते लिहिलेल्या मजकुरावरून. ज्या अंकाची कुठेच नोंद नाही त्याच्याबद्दल ती गप्प बसेलच असे नाही. ती शक्य वाटणारे एखादे नाव आत्मविश्वासाने सांगून मोकळी होऊ शकते. डेटाबेस निदान रिकामा कंस देऊन आपले अज्ञान कबूल करतो. खोट्या उत्तरापेक्षा रिकामे उत्तर चांगले आणि रिकाम्यापेक्षा तपासलेले चांगले. यंत्रे जितकी बोलकी होतील तितकी तपासलेल्या नोंदींची गरज वाढेल.

मराठी विद्यार्थ्याकडे यासाठी एक जमेची बाजू आहे, ती म्हणजे लिपीची जाण. 'दऱ्याखोऱ्या' या शब्दातला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे वाटतात आणि शोध हुकतो. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर एकाच रूपात आणण्याची सोय आहे, पण ती वापरायला हवी हे मराठी लिहिणाऱ्यालाच सुचते. तीच गोष्ट आडनावांची. वाईरकर यांचे नाव रोमन लिपीत जसे छापले गेले तसे शोधले नाही तर नोंद सापडत नाही. कुठले रूप मूळ अंकावर छापले आहे आणि कुठले पर्यायी म्हणून ठेवायचे, हा निर्णय लिपी आणि माणूस दोन्ही ओळखणाराच घेऊ शकतो.

शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. अशा महाविद्यालयातल्या संगणक विभागाला एका सत्रात काय करता येईल ते सांगून थांबतो. गावातल्या आणि आसपासच्या सार्वजनिक ग्रंथालयांतले, घरांतल्या पेट्यांतले मराठी कॉमिक्स पाहून विद्यार्थ्यांनी प्रकाशनाचा तपशील छापलेल्या पानावरून यादी करावी. प्रत्येक नोंद दोघांनी तपासावी. मग क्लायंट लायब्ररी वापरून ती यादी डेटाबेसशी ताडून पाहणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा. असलेल्या, अर्धवट आणि नसलेल्या अशा तीन गटांत तो नोंदी वेगळ्या करील. नसलेल्या नोंदी रीतसर सुचवाव्यात. गुण देताना पडद्यावरची सजावट बाजूला ठेवून, बाहेरच्या संपादकांनी किती नोंदी तपासून स्वीकारल्या हे पाहावे. ही कसोटी कठोर आहे, उघड आहे आणि तिच्यात नक्कल चालत नाही. विद्यार्थ्याच्या हाती एपीआय, मर्यादा, त्रुटी, लिपी आणि परवाने यांचे पक्के ज्ञान उरेल. महाराष्ट्राच्या हाती त्याच्या चित्रकारांच्या कामाची कायमची नोंद उरेल. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवता येईल आणि शून्याचा आकडा किती सरकला हे मोजता येईल.